शेंड्यापुरता गांजा

गांजा पकडला की महाराष्ट्रात जो पंचनामा होतो, त्यातलं एक वर्णन बहुतेक ठिकाणी सारखंच असतं. हिरवट रंगाची, ओलसर, उग्र वासाची वनस्पती. त्यात पानं, फुलं, बोंडं, बिया आणि काड्या. त्याखाली वजन, अंदाजे किंमत आणि दोन पंचांच्या सह्या. वाचणारा हे सगळं मिळून गांजा समजतो. कायदा तसं समजत नाही. त्या वर्णनातल्या एकेका वस्तूचा दर्जा कायद्यात निराळा आहे. फुलं-फळं धरलेले शेंडे म्हणजे गांजा. शेंड्यांची सोबत नसलेली पानं गांजा नव्हेत. नुसत्या बियाही नव्हेत. नोव्हेंबर २०२१ पासून तर त्या बिया आणि त्यांचं तेल खाद्यपदार्थ म्हणून विकायला अन्नसुरक्षा प्राधिकरणाची मान्यता आहे. आणि त्याच शेंड्यांवरची चिकट राळ वेगळी काढली की तिला चरस म्हणतात. शिक्षा ज्या वजनावर ठरते, ते चरसाच्या बाबतीत दहा ते वीस पटींनी खाली येतं.

झाड एकच, पण ते नेमकं कुठे कापलं आणि तराजूत काय पडलं, यावर माणूस संध्याकाळी घरी जाणार की वीस वर्षं आत राहणार, हे ठरतं. म्हणून ही विभागणी कुठून आली, हे साध्या वाचकालाही माहीत असायला हवं.

या कायद्याचं पूर्ण नाव गुंगीकारक औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५. पोलीस ठाण्यापासून न्यायालयापर्यंत सगळे त्याला ‘एनडीपीएस’ म्हणतात. १४ नोव्हेंबर १९८५ रोजी तो अमलात आला. गांजा आणि चरस यांची व्याख्या त्याच्या दुसऱ्याच कलमात आहे. एक गोष्ट इथेच स्पष्ट केलेली बरी, कारण तिच्यावरून अनेकांचा गैरसमज होतो. पान गांजात मोडत नाही म्हणून झाड लावायला मोकळीक आहे, असं अजिबात नाही. परवानगीशिवाय हे झाड लावणं हाच स्वतंत्र गुन्हा आहे आणि त्याला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. परसात आपोआप उगवलेल्या झाडाची गोष्ट वेगळी. उत्तर प्रदेशातल्या अशाच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली आरोपीला सोडलं, कारण झाडं त्यानेच लावली आणि जोपासली याचा पुरावा पोलिसांकडे नव्हता.

मग पानं आणि बिया वगळल्या कोणी? त्यासाठी शंभरहून अधिक वर्षं मागे जावं लागतं.

२ मार्च १८९३ रोजी ब्रिटिश संसदेत विल्यम केन या दारूबंदीवादी खासदाराने प्रश्न विचारला. बंगालमधली गांजाची लागवड, त्याचा व्यापार आणि लोकांच्या सामाजिक व नैतिक स्थितीवर होणारा परिणाम यांची सरकार चौकशी करणार का? त्यातून ‘इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन’ नेमलं गेलं. अध्यक्ष डब्ल्यू. मॅकवर्थ यंग, सदस्यांत राजा शशिशेखरेश्वर रॉय, कुंवर हरनाम सिंग आणि लाला निहालचंद हे तीन हिंदी गृहस्थ. आयोगाने देश पालथा घातला, ११९३ साक्षी नोंदवल्या आणि हजारो पानांचा अहवाल दिला. मुंबई इलाख्यात हे पीक प्रामुख्याने नगर आणि सातारा भागांत घेतलं जाई, याची नोंद त्यात आहे. पिकाची पद्धतही त्यात सापडते. झाडांना फुलं धरायच्या आधी जाणकार माणूस ओळीओळीतून फिरून नर झाडं हेरायचा आणि उपटून टाकायचा. एखादा नर जरी राहिला तरी मादी झाडं बी धरतात, राळ कमी होते आणि मालाची किंमत पडते. बंगालमधल्या नौगावला या कामासाठी खास माणसं असत; शेतकरी त्यांना मजुरी देऊन बोलवीत. मग कापलेले शेंडे पसरून पायांनी तुडवायचे, उलटायचे, पुन्हा तुडवायचे, म्हणजे राळ शेंड्यांतच दबून बसते. गांजा म्हणजे नेमकं काय, हे त्या शेतकऱ्यांना पुढच्या कोणत्याही कायद्यापेक्षा अचूक ठाऊक होतं.

आयोगाचं सर्वांत मोलाचं काम वेड्यांच्या इस्पितळांत झालं. १८९२ साली गांजामुळे वेड लागल्याची २२२ प्रकरणं कागदोपत्री होती. आयोगाने एकेका रुग्णाचा मागोवा घेतला. रुग्णाला आणणारा पोलीस फॉर्मवर कारण म्हणून ‘गांजा’ लिहायचा आणि डॉक्टर तेच पुढे उतरवून घ्यायचे, असं पुष्कळ ठिकाणी दिसून आलं. छाननीनंतर २२२ पैकी ९८ प्रकरणंच टिकली. माफक सेवनाने म्हणण्यासारखा अपाय होत नाही, अतिसेवनाने होतो, सरसकट बंदी गरजेचीही नाही आणि शहाणपणाचीही नाही, असा निष्कर्ष आयोगाने काढला. कर लावा, परवाने द्या, लागवडीवर नजर ठेवा, ही त्याची शिफारस. त्या सरकारला अबकारीचं उत्पन्न हवं होतं, हे खरं. पण पुरावा गोळा करून मग मत बनवण्याचा असा प्रयत्न या झाडाच्या बाबतीत त्याआधी कुणी केला नव्हता आणि पुढेही फार वर्षं कुणी केला नाही.

अहवाल कपाटात गेला. १९२४-२५ साली जिनिव्हाला अफूवर आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. तिथे इजिप्तचे प्रतिनिधी मोहम्मद अल गिंदी यांनी हशीशचा विषय जोरात मांडला: अफूएवढंच हेही घातक आहे, यालाही आंतरराष्ट्रीय बंधनात आणा. हिंदुस्थानच्या प्रतिनिधींनी हरकत घेतली. सण, धर्म, रूढी यांत भांग गुंफलेली आहे, रानोमाळ उगवणाऱ्या झाडावर बंदी राबवायची कशी, असं त्यांचं म्हणणं होतं. तडजोड झाली. बंधनं मुख्यतः आंतरराष्ट्रीय व्यापारावर आली आणि व्याख्या मादी झाडाच्या फुलं-फळं धरलेल्या शेंड्यांपुरती ठेवली गेली. १९६१ च्या न्यूयॉर्क इथल्या ‘एकल करारा’त हीच व्याख्या थोड्या फेरफाराने आली आणि ‘शेंड्यांची सोबत नसलेली पानं आणि बिया वगळून’ हे शब्द तिथे पक्के झाले. भारताच्या १९८५ च्या कायद्यातली गांजाची व्याख्या जवळजवळ त्याच शब्दांत आहे. होळीला पानांची भांग घातलेली थंडाई पिणाऱ्याला जे संरक्षण मिळतं, त्याचं मूळ आंतरराष्ट्रीय वाटाघाटींच्या टेबलावर आहे.

त्याच करारात आणखी एक कलम होतं. ज्या देशांत गांजाचा पारंपरिक वापर आहे, त्यांनी तो २५ वर्षांत बंद करावा. करार डिसेंबर १९६४ मध्ये लागू झाला, म्हणजे मुदत १९८९ ची. भारताने १९८५ साली कायदा केला तेव्हा हे घड्याळ चालूच होतं. त्याआधी कितीतरी प्रांतांत गांजा सरकारी परवान्याच्या दुकानात मिळत असे, हे आज साठी-सत्तरीच्या लोकांना आठवतं.

इथे एक तारीख लक्षात ठेवण्यासारखी आहे. गांजाची नशा ज्या रसायनाने होते ते टीएचसी इस्रायलमध्ये राफाएल मेशुलम आणि येहिएल गाओनी यांनी शुद्ध रूपात वेगळं केलं १९६४ साली. करार १९६१ चा. म्हणजे झाडातला नेमका कोणता घटक काय करतो, हे नीट कळायच्या तीन वर्षं आधीच जगाने गांजाला अनुसूची एकमध्ये आणि त्याशिवाय हेरॉइनच्या जोडीला अनुसूची चारमध्ये बसवलं होतं. अनुसूची चार ही सर्वांत कडक: विशेष घातक, औषधी उपयोग नगण्य. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने गांजाची पहिली सविस्तर तपासणी केली ती थेट २०१८ साली. तिच्या शिफारशीवर २ डिसेंबर २०२० रोजी व्हिएन्नात मतदान झालं. २७ विरुद्ध २५ मतांनी, एका देशाच्या तटस्थतेने, गांजा अनुसूची चारमधून बाहेर पडला. बाजूने मत देणाऱ्यांत भारत होता. अनुसूची एकमध्ये तो अजूनही आहे, त्यामुळे नियंत्रण संपलेलं नाही. वैद्यकीय उपयोग शून्य आहे हा शिक्का तेवढा पुसला गेला. भारतीय वर्तमानपत्रांत ही बातमी आतल्या पानावर एका दिवसात विरून गेली. तिची याहून जास्त दखल घ्यायला हवी होती.

अमेरिकेतही उशिरा का होईना, याच प्रश्नाशी झटापट चालू आहे. तिथल्या १९७० च्या कायद्यात गांजा पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक वर्गात हेरॉइनबरोबर बसला आणि कोकेन दुसऱ्या वर्गात. ही व्यवस्था अभ्यास होईपर्यंतची, असं तेव्हाच्या आरोग्य खात्याने संसदेला लिहिलं होतं. अभ्यास झाला. रेमंड शेफर यांच्या आयोगाने १९७२ साली व्यक्तिगत वापरासाठी गांजा बाळगणं गुन्हा ठरवू नये, असं सांगितलं. अध्यक्ष निक्सन यांनी ते फेटाळलं. १९८८ साली अमली पदार्थ खात्याचेच प्रशासकीय न्यायाधीश फ्रान्सिस यंग यांनी वर्ग बदलावा असा निवाडा दिला, तोही खात्याच्या प्रमुखाने नाकारला. आरोग्य खात्याने तिसऱ्या वर्गाची शिफारस केली ती २०२३ मध्ये. तात्पुरती म्हणून केलेली वर्गवारी हलायला अर्धशतक लागावं, यात त्या काळात तुरुंगात गेलेल्या माणसांचा फार मोठा तोटा आहे.

भारतात झाडाच्या भागांनंतर दुसरी कात्री वजनाची. १९८५ च्या मूळ कायद्यात गांजाला पाच वर्षांपर्यंत आणि चरसाला किमान दहा वर्षं अशी विभागणी होती. किती माल सापडला याला फारसं महत्त्व नव्हतं. चिमूटभर चरस असलेला माणूस आणि पोतं भरून विकणारा एकाच मापाने मोजला जाई. २००१ च्या दुरुस्तीने हे बदललं आणि ते योग्यच झालं. आता गांजा एक किलोहून कमी असेल तर ‘अल्प प्रमाण’: एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वीस किलोहून जास्त असेल तर ‘व्यापारी प्रमाण’: दहा ते वीस वर्षं आणि एक ते दोन लाख दंड. मधल्या वजनाला दहा वर्षांपर्यंत. चरसासाठी हेच आकडे शंभर ग्रॅम आणि एक किलो.

व्यापारी प्रमाणाचा खरा दणका शिक्षेच्याही आधी बसतो. कलम ३७ नुसार अशा आरोपीला जामीन द्यायचा तर तो दोषी नाही असं मानायला सबळ कारण आहे आणि सुटल्यावर तो पुन्हा गुन्हा करणार नाही, अशी न्यायालयाची खात्री पटावी लागते. खटला उभा राहण्याआधीच ही खात्री पटवणं सोपं नसतं. त्यामुळे साडेएकोणीस किलो आणि साडेवीस किलो यांतला फरक कित्येकदा काही वर्षांच्या कोठडीचा असतो.

म्हणून तराजूत काय टाकलं याला इतकं महत्त्व आहे. धुळे जिल्ह्यात शिरपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, कापसाच्या किंवा तुरीच्या आडोशाने लावलेली गांजाची झाडं पकडल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. झाडं हिरवी, ओली, मुळासकट उपटलेली. ती तशीच काट्यावर चढवली तर खोड, फांद्या, मुळं आणि मातीचंही वजन धरलं जातं. शेंडे त्यातला लहानसा भाग. कायद्याच्या व्याख्येप्रमाणे शेंड्यांसोबत असलेली पानं मोजली जातात, पण खोडाचं आणि मुळाचं काय, यावर न्यायालयांत वारंवार वाद होतात. नमुन्याचीही रीत ठरलेली आहे. गांजाचा नमुना २४ ग्रॅमचा, दोन प्रतींत, आणि आता तो दंडाधिकाऱ्यांसमोर काढायचा. त्या २४ ग्रॅममध्ये शेंडा आला की नुसतं पान, यावर सगळा खटला उभा राहतो किंवा कोसळतो. २०२२ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे असंच प्रकरण आलं. जप्त माल व्यापारी प्रमाणाच्या कितीतरी वर होता, पण जप्तीच्या कागदात त्याचं वर्णन हिरवट पानांचा पदार्थ एवढंच होतं, शेंड्यांचा उल्लेख नव्हता. न्यायालयाने व्याख्येवर बोट ठेवून जामीन दिला. पळवाट म्हणून या निकालाकडे पाहणं चूक आहे. वीस वर्षांची शिक्षा ज्या वस्तूला आहे, ती वस्तू नेमकी ओळखणं ही तपास यंत्रणेची पहिली जबाबदारी आहे.

वजनाच्या बाबतीत आरोपींच्या विरोधातही निकाल गेले आहेत. जप्त मालात निरुपद्रवी पदार्थ मिसळलेला असेल तर शुद्ध अमली पदार्थाचंच वजन धरायचं, असं सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये म्हटलं होतं. एप्रिल २०२० मध्ये हीरा सिंग खटल्यात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ते रद्द ठरवलं: संपूर्ण मिश्रण मोजा.

पानाची गोष्ट पुन्हा वेगळीच. भांग केंद्रीय कायद्यात गांजा नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने २००२ साली म्हटलं होतं. त्याचा आधार घेत कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये भांगेच्या प्रकरणात जामीन दिला. तरी भांग सगळीकडे सारखी मोकळी नाही, कारण ती राज्यांच्या अखत्यारीत येते. जैसलमेर आणि वाराणसीत सरकारमान्य भांगेची दुकानं आहेत. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली भांग परवान्याशिवाय बाळगणं वा विकणं गुन्हा आहे. महाशिवरात्रीला पुण्यात वा नाशकात जी भांग घोटली जाते, तिच्यामागे परवाना असेलच असं नाही, हे घोटणाऱ्यांतल्या अनेकांच्या गावीही नसतं.

या विभागणीचा समाजातल्या आकड्यांशी मेळ घालून पाहावा. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी ‘एम्स’ने केलेलं सर्वेक्षण २०१९ मध्ये जाहीर झालं. देशात वर्षभरात भांग, गांजा किंवा चरस घेतलेले लोक सुमारे ३ कोटी १० लाख, म्हणजे २.८ टक्के. त्यांत भांग घेणारे सुमारे २ कोटी २० लाख आणि गांजा-चरस घेणारे सुमारे १ कोटी ३० लाख. मात्र ज्यांना मदतीची खरी गरज आहे असे लोक भांगेपेक्षा गांजा-चरसाच्या बाजूला प्रमाणाने जास्त आढळले. म्हणजे पान आणि शेंडा यांत फरक करणं निराधार नाही. शेंड्यात टीएचसी जास्त, राळेत त्याहून जास्त. आणि कोवळ्या वयात सुरू झालेलं रोजचं सेवन स्मरणशक्ती, अभ्यास आणि मनाची घडी यांवर परिणाम करतं. ज्यांच्या घराण्यात मनोविकार आहेत त्यांना धोका आणखी मोठा. गांजा निरुपद्रवी आहे असं सांगणाऱ्यांवर पालकांनी विश्वास ठेवू नये.

अडचण अशी की कायदा टीएचसी मोजतच नाही. त्याला भाग दिसतो आणि वजन दिसतं, तीव्रता दिसत नाही. अमेरिकेने २०१८ साली ०.३ टक्क्यांपर्यंत टीएचसी असलेलं झाड अमली पदार्थांतून वगळलं. आपल्याकडे उत्तराखंडाने धाग्यासाठी होणाऱ्या लागवडीला तीच मर्यादा घातली आहे. पण जप्त गांजाच्या खटल्यात अशी मोजणी नाही. गेल्या काही वर्षांत मुंबई विमानतळावर बँकॉकहून येणाऱ्या प्रवाशांच्या बॅगांत ‘हायड्रो’ गांजा सापडतो आहे. मातीविना, दिव्यांच्या प्रकाशात वाढवलेला, नुसते घट्ट शेंडे. थायलंडने जून २०२२ मध्ये गांजा अमली पदार्थांच्या यादीतून काढल्यावर हा ओघ वाढला. त्याची तीव्रता शेतातल्या काडीकचऱ्यासकटच्या गांजाच्या कितीतरी पट, किंमतही तशीच. पण व्यापारी प्रमाणाची रेषा दोघांनाही वीस किलोचीच. विमानाने पाच किलो ‘हायड्रो’ आणणारा मधल्या वर्गात बसतो आणि ओली झाडं मुळासकट मोजली गेलेला सातपुड्यातला मजूर व्यापारी वर्गात. ही उलटी वर्गवारी दुरुस्त व्हायला हवी आणि ती तीव्रता मोजूनच होऊ शकते.

आणि सर्वांत खालच्या पायरीवर चिलीम किंवा सिगारेट ओढताना सापडलेला पोरगा. त्याच्यासाठी कलम २७: गांजाच्या सेवनाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ‘विधी सेंटर फॉर लीगल पॉलिसी’ने मुंबईच्या दंडाधिकारी न्यायालयांतले २०१७ आणि २०१८ सालचे दहा हजारांवर खटले तपासले तेव्हा जवळजवळ सगळे सेवनाचे आणि त्यातले बहुतांश गांजाचे निघाले. शिक्षा झालेल्यांनी गुन्हा कबूल केला होता. दंड भरला की त्याच दिवशी सुटका, म्हणून कबुली. नोकरीच्या वा पासपोर्टच्या चारित्र्य पडताळणीत ही शिक्षा पुढे येईल, हे त्या घाईत कुणी सांगत नाही. ज्याला खरोखर व्यसन जडलं आहे त्याच्यासाठी याच कायद्यात कलम ६४अ आहे, हेही सहसा सांगितलं जात नाही. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी स्वतःहून सरकारमान्य व्यसनमुक्ती केंद्रात दाखल झाला आणि उपचार पुरे केले, तर त्याच्यावरचा खटला चालत नाही. दोषी ठरल्यानंतरही कलम ३९ खाली न्यायालय त्याला तुरुंगाऐवजी उपचारांना पाठवू शकतं. हा मार्ग आपल्याला हवा, असं न्यायाधीशांसमोर कबुली देण्याआधी वकिलाने किंवा घरच्यांनी म्हणायचं असतं. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा वकील त्यासाठी मोफत मिळतो.